पियुषिकेचे ग्राहक

मराठीच्या मास्तराने माशाच्या मेंदूत डोके घालू नये, असे आमच्या घरचे स्पष्ट मत आहे. पण आषाढात नागोठण्याला मामांकडे गेलो की माझा इलाज चालत नाही.

अंबा नदीपासून हाकेच्या अंतरावर मामांचे तळे आहे. त्यात रोहू, कटला आणि मृगळ. ही मंडळी मूळची उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतली. तळ्यात ती खातात, पोसतात, मादीचे पोट गाभोळीने टम्म फुगते. पण पुराच्या वाहत्या पाण्याखेरीज ती अंडी घालायला तयार नाहीत. हंगाम टळला की गाभोळी पोटातच जिरते. म्हणून पूर्वी बीज नदीतून गाळून आणावे लागे आणि त्यात मासे खाणारे मासेही येत. एका वर्षी मामांनी हजारांनी बीज सोडले आणि हाती आले ते चार धष्टपुष्ट दरोडेखोर!

ही कोंडी फोडली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात अंगुल येथे त्यांनी माशाच्याच पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची तळ्यात वीण घडवून आणली. ही ग्रंथी मेंदूच्या खाली लोंबते, वाटाण्याहूनही बारीक. लॅटिनमध्ये तिचे नाव शेंबडावरून पडले, कारण जुन्या वैद्यांना ती नाकातला कफ गाळते असे वाटे. आपल्याकडे पीयूष म्हणजे अमृत. नावे ठेवण्यात आपण सहसा इतके उदार नसतो.

लहानपणी मी पाहिले आहे : मामा माशाची कवटी उघडून ती ग्रंथी चिमट्याने उचलीत आणि अल्कोहोलच्या बाटलीत टाकीत. मामी म्हणत, "अहो, एकीच्या बाळंतपणासाठी दुसऱ्याचे डोके फोडायचे, हा कुठला न्याय?"

न्याय पुढे झाला. ग्रंथीला हुकूम मेंदूकडून येतो आणि तो हुकूम म्हणजे दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, पेप्टाइड. १९७१ साली तिची रचना उलगडली. डुकरांच्या मेंदूंचे लाखाहून अधिक तुकडे त्यासाठी खर्ची पडले. शॅली आणि गिलमिन यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आता त्या साखळीची नक्कल कारखान्यात होते.

पण नुसता हुकूम सुटून भागत नाही. तो झेलायला ग्रंथीच्या पेशींवर 'ग्राहक' नावाचे रेणू लागतात. ग्राहक घडवण्याची कृती जनुकात लिहिलेली असते. जनुक प्रत्येक पेशीत असते, पण वाचले जाते ते मोजक्याच ठिकाणी. याला शास्त्रज्ञ जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. आम्ही तोच शब्द वर्गात कवितेला लावतो. कित्येक माशांत विणीचा काळ आला की हे वाचन वाढते, ग्राहक वाढतात. सस्तन प्राण्यांत तर आणखी गंमत. हुकूम थांबून थांबून आला तर ग्राहक टिकतात. अखंड बरसत राहिला तर ते घटतात आणि ग्रंथी बहिरी होते. (घरोघरच्या मुलांचे पालक हे ओळखतील.)

तळ्यातल्या माशांत आणखी एक अडथळा असतो. डोपामाइन नावाचा दुसरा संदेश त्याच ग्रंथीला दाबून धरतो. तिच्यावर त्याचेही ग्राहक आहेत. म्हणून हल्लीच्या इंजेक्शनात पेप्टाइडबरोबर डोम्पेरिडोन असते. होय, उलटी थांबवायला आपण घेतो तेच! ते डोपामाइनच्या ग्राहकांची जागा अडवते आणि ग्रंथी मोकळी होते.

यंदा मादीला किलोमागे अर्धा मिलिलिटर, नराला त्याहून कमी, एवढेच टोचून मामांनी संध्याकाळी जोड्या कापडी हाप्यात सोडल्या. पाऊस होता. आम्ही पडवीत जागत बसलो. मामांनी एकदाही बाटलीची आठवण काढली नाही. पहाटे पाण्यात खळबळ झाली. उजाडल्यावर पाहतो, तो भिजल्या साबुदाण्यासारखी अंडी हाप्यात पसरली होती. मामी वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"काय प्रोफेसर," मामा म्हणाले, "तो पेला आण आणि माप घे. उद्या जिरे सुटतील."