‘दशक’ नव्हे, ‘तप’
इंग्रजी ‘डिकेड’ला मराठीत ‘दशक’ म्हटले जाते, ‘सेंच्युरी’ला ‘शतक’. (भर्तृहरीची शतके श्लोकांची होती, वर्षांची नव्हेत.) गोदाकाठचा जुना हिशेब मात्र बारा वर्षांचा, म्हणजे तपाचा. गुरू ११.८६ वर्षांत राशिचक्र पुरे करतो. तो सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. हे माप काटेकोर नाही, हे खरे. १९८० नंतरचा सिंहस्थ १९९१ मध्येच आला.

तरीही पिंपळगाव बसवंतसारख्या गावी मौखिक इतिहास टिपताना वृद्धांना ‘साठच्या दशकात काय घडले?’ असे विचारणे व्यर्थ होय. ‘हे सिंहस्थाच्या आधीचे की नंतरचे?’ असे विचारावे. तो सिंहस्थ १९५६चा की १९६८चा, हे अभ्यासकाने शोधावे. ते त्याचेच काम आहे.