निर्लेखनाआधी एक कार्ड लावा

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि माझ्या दुरुस्तीच्या दुकानात 'भंगारात किती येतील?' हा प्रश्न वाढला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा हवा. कीबोर्ड, पडदा, चार्जिंग सगळं ठणठणीत असलेलं यंत्र या अटींपायी म्हातारं ठरवायचं? मला नाही पटत.

अशा गिऱ्हाइकाला मी आधी भाव सांगतच नाही. ड्रॉवरमधलं १६ जीबीचं मेमरी कार्ड काढतो. त्यावर लिनक्स मिंट या संगणक प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती आहे. २ जीबी रॅमवर ती उठते, ४ असली तर बरी पळते. डाउनलोड केलेली फाइल कार्डावर नुसती कॉपी करून भागत नाही; रूफस किंवा एचरसारखं सॉफ्टवेअर वापरून चढवावी लागते. मग लॅपटॉप चालू करताना एफ१२ दाबायचं, काहींत एफ९ किंवा एस्केप, आणि यादीतून कार्ड निवडायचं.

इथेच भलेभले हात टेकतात, कारण कार्ड यादीत दिसतच नाही. कार्डाला शिव्या देऊ नका. लॅपटॉपमधला कार्ड रीडर बरेचदा आतून पीसीआयवर जोडलेला असतो आणि जुन्या बायोसला तिथून सुरू होता येत नाही. तेच कार्ड साध्या यूएसबी रीडरमध्ये घालून लावा, बहुतेक वेळा दिसतं.

असं नुसतं चालवून पाहताना आपण होऊन काही केलं नाही, तर हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. विंडोज उठेना झालं तरी डिस्क जिवंत असेल तर लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले पेन ड्राइव्हवर उतरवता येतात. बिटलॉकरचं कुलूप असेल तर मात्र त्याची किल्ली लागते. कार्डावरून काम जरा रेंगाळतं, आणि साठवण्याची वेगळी सोय केली नसेल तर बंद करताच केलेलं सगळं जातं. रोजच्या वापराला एसएसडी टाकून घ्यावी. श्रीलिपीवर लग्नपत्रिका तयार करणाऱ्याला किंवा टॅलीवर पोट असणाऱ्याला मी लिनक्सचा आग्रह धरत नाही. पण बँकेची साइट, यूट्यूब, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर नवा लॅपटॉप कशाला?

केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवताहेत. आपल्याकडे शाळेचे संगणक निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या, यादीत जातात, समिती 'नादुरुस्त' लिहिते. त्या यादीत आणखी एक रकाना हवा: कार्ड लावून पाहिलं का, कोणी, कधी. तो रिकामा असेल तर मुख्याध्यापकांनी सही करू नये.