विश्लेषण : ‘हाय-राय सिंगल बॅरल’ बर्बन म्हणजे नेमकं काय? गोदामं तुडुंब भरलेली असताना त्याचे जादा पैसे कशासाठी?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गल्लीतल्या साध्याशा रेस्टॉरंटच्या मेन्यूवरही ‘हाय-राय सिंगल बॅरल बर्बन’ अशी ओळ दिसते. साध्या बर्बनपेक्षा हा पेग सहसा महाग असतो. त्याच केंटकीच्या गोदामांत 2025 च्या सुरुवातीला 1 कोटी 60 लाखांहून अधिक पिंपं मुरत पडली होती. राज्याची लोकसंख्या साधारण 45 लाख, म्हणजे माणशी तीनहून जास्त पिंपं. मग या पेल्याचं अप्रूप कशाचं?

कायदा काय सांगतो?

बर्बनची व्याख्या कडक आहे. धान्यात किमान 51 टक्के मका हवा, मुरवण्यासाठी आतून जाळलेलं ओकचं कोरं पिंप हवं आणि ती अमेरिकेतच बनायला हवी. वरून रंग किंवा स्वाद घालता येत नाही.

‘हाय-राय’ला मात्र अशी ठरलेली टक्केवारी नाही. (राय म्हणजे फोडणीतली मोहरी नव्हे, गहू-जवाच्या कुळातलं थंड प्रदेशातलं हे धान्य.) मक्याने गोडवा येतो, तर रायने मिरी-लवंगेसारखा तिखटपणा. फोर रोझेसच्या सिंगल बॅरल बर्बनमध्ये 60 टक्के मका, 35 टक्के राय आणि 5 टक्के माल्ट केलेलं जव असतं. दुसरी एखादी कंपनी याहून बरीच कमी राय वापरूनही तोच शब्द छापू शकते. त्यामुळे शब्दापेक्षा आकडा विचारलेला बरा.

एकाच पिंपाचं कौतुक का?

नेहमीच्या बर्बनमध्ये अनेक पिंपांतली दारू एकत्र करतात, म्हणजे प्रत्येक बाटलीची चव सारखी लागते. सिंगल बॅरलमध्ये ही मिसळ नसते. गोदामाच्या वरच्या मजल्यावर उकाडा जास्त, खाली गारवा. त्यामुळे एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं काही वर्षांनी वेगळी निघतात. 1984 मध्ये ‘ब्लँटन्स’ बाजारात आली आणि ही कल्पना रुजली.

पिंप सुमारे 200 लिटरचं असतं. वर्षानुवर्षं त्यातली दारू उडून जाते, आणि उरते त्यात साधारण दीड-दोनशे बाटल्या भरतात. काही रेस्टॉरंट चव घेऊन अख्खं पिंपच निवडतात. ते संपलं की ती चवही संपली. पण एका पिंपातलं म्हणजे आपोआप सरस, असं मात्र नाही. मिसळ करणाऱ्याचं कसब इथे वजा झालेलं असतं.

मग साठा एवढा का साचला?

आज गाळलेली बर्बन विकायची चार ते आठ वर्षांनी. मागणी चढती असताना कंपन्यांनी भरमसाट पिंपं भरली. ती तयार होईपर्यंत मागणी मंदावली. त्यात मार्च 2025 मध्ये आयातशुल्काच्या वादातून कॅनडाच्या अनेक प्रांतांनी अमेरिकी दारू दुकानांतून हटवली. शिवाय केंटकीत मुरत पडलेल्या पिंपांवर दरवर्षी मालमत्ता कर लागतो. तो 2026 पासून टप्प्याटप्प्याने कमी होत 2043 मध्ये संपेल.

याची झळ आधी कामगारांना बसली. ब्राउन-फोरमनने जानेवारी 2025 मध्ये लुईव्हिलचा पिंपं बनवण्याचा कारखाना बंद करण्याचं जाहीर केलं. जिम बीमने तर 2026 मध्ये क्लेरमाँटच्या मुख्य डिस्टिलरीत उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला.

ग्राहकाला स्वस्त मिळेल?

लगेच नाही. अमेरिकेत उत्पादक, वितरक आणि विक्रेता अशी तीन पायऱ्यांची साखळी आहे, आणि प्रत्येक पायरीवर किंमत वाढते. साठा वाढल्याने पिंप निवडणाऱ्या रेस्टॉरंटला घासाघीस करायला वाव आहे; ती सवलत गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवायची की नाही, हे मालकाच्या हातात.

भारताने फेब्रुवारी 2025 मध्ये बर्बनवरचं आयातशुल्क 150 वरून 100 टक्क्यांवर आणलं. राज्यांचे कर त्यावर वेगळे, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या बिलात ही कपात पुरती उतरत नाही.