चुंबकीय ब्रेकचे गणित विदर्भाच्या उन्हात तपासा

प्रति,
रेल्वे प्रशासन, भुसावळ विभाग, आरडीएसओ, लखनौ, आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ


आम्ही वडनेर भोलजी पंचक्रोशीतले अभियांत्रिकीचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि नांदुरा-मलकापूरहून गाडी पकडणारे प्रवासी. मुंबई-हावडा मार्ग आमच्याच तालुक्यातून जातो. गाड्यांचा वेग वाढवायचा, तर त्या थांबवण्याची सोयही तितकीच भक्कम हवी. पहिल्या पावसात रूळ निसरडे झाले की चाकाची पकड सुटते आणि हवेचा ब्रेक हतबल होतो. एडी करंट ब्रेकला ही पकड लागतच नाही. रुळापासून सुमारे 7 मिलिमीटरवर धरलेले विद्युतचुंबक धावत्या गाडीबरोबर सरकतात, रुळात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि तेच गाडीला मागे ओढतात. जर्मनीच्या आयसीई-3 गाडीत हा ब्रेक आहे.

मात्र या ब्रेकने काढून घेतलेली गतिऊर्जा रुळात उष्णता होऊन उतरते, आणि आमचे म्हणणे इथेच आहे. समजा, अख्ख्या गाडीचा चुंबकीय ब्रेक 160 किलोन्यूटन जोर लावतो. म्हणजे दर मीटरला 160 किलोज्यूल उष्णता. 60 किलोचा रूळ धरला तर दोन्ही रुळांचे मीटरभर लोखंड 120 किलो. ते सरासरी पावणेतीन अंशांनी तापेल. मागून लगेच दुसरी गाडी आली, तिनेही तिथेच ब्रेक लावला, की आणखी तितकेच. मे महिन्यात इथला रूळ आधीच भाजत असतो आणि वेल्डिंगने जोडलेल्या लांब रुळाला वाकण्याचे भय असते. जर्मनीतही रोजच्या वापराला हा ब्रेक मुख्यतः कोलोन-फ्रँकफर्टसारख्या बिनखडीच्या मार्गावरच चालतो. आमचा मार्ग खडीचा; त्यांचे आकडे उचलून इथे लावू नयेत.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी माहितीची. रुळाच्या पोलादाचे चुंबकीय गुणधर्म, तापमानानुसार बदलणारा त्याचा विद्युतरोध आणि मलकापूर-नांदुरा टप्प्यातल्या उन्हाळी रूळ-तापमानाच्या नोंदी खुल्या कराव्यात. उन्हाळ्यात रेल्वेचे कर्मचारी रुळाचे तापमान मोजतातच. ते आकडे वहीत पडून राहू नयेत. पोलाद चुंबकत्वाने संपृक्त झाले की साधी सूत्रे कोलमडतात. एका ठरावीक वेगानंतर ओढ कमी होऊ लागते, तो वेगही याच आकड्यांवर ठरतो. अंदाजे आकडे घालून संगणकावर रंगीत चित्र तेवढे निघेल.

या ब्रेकचे मॉडेल आम्ही संगणकावर मांडू. त्याच्या सॉफ्टवेअरला पैसे मागत नाही; एल्मर आणि एफईएमएम फुकट मिळतात. तालुक्याच्या ठिकाणी चार दमदार संगणक, न जाणारी वीज आणि विद्यापीठाचा एक मार्गदर्शक मात्र हवा.

हे मॉडेल आधी प्रयोगशाळेतल्या फिरत्या चकतीवर ताडून पाहावे, मग यार्डात एका बोगीवर. रुळालगत चाके मोजणाऱ्या अॅक्सल काउंटरवर चुंबकाचा परिणाम होतो का, हे त्याच वेळी पाहावे. वेग उतरला की हा ब्रेक लुळा पडतो, तेव्हा हवेचा ब्रेक काढण्याचा विचारही नको. मॉडेल आणि मोजमाप जुळले नाही, तर तो फरकही जाहीर व्हावा.

तापमानाच्या नोंदी येत्या उन्हाळ्याआधी मिळाव्यात, ही विनंती.