‘ब्लॉकेज नाही’ म्हणजे दुखणं नाही?

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकातली पन्नाशीची गृहिणी डोळ्यांसमोर आणा. भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढताना ती मध्येच कठडा धरून थांबते. छातीवर दाब येतो, डावा हात भरून येतो, पाच मिनिटं टेकल्यावर ओसरतो. अँजिओग्राफी होते, सीडी फायलीत जाते, शेरा पडतो: लक्षणीय ब्लॉकेज नाही. मग घरचे निकाल देऊन मोकळे होतात, ‘गॅस असेल, टेन्शन फार घेतेस.’ हा निकाल तीन गैरसमजांवर उभा आहे.

पहिला गैरसमज असा, की अँजिओग्राफी नॉर्मल म्हणजे हृदय नॉर्मल. या तपासणीत डाय सोडल्यावर दिसतात त्या मोठ्या धमन्या. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या पडद्यावर उमटतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त मिळणार हे मुख्यतः त्याच ठरवतात. जलवाहिनी भरून वाहत असतानाही वरच्या मजल्यावरचा नळ कोरडा कसा राहतो, हे मीरा-भाईंदरकरांना सांगायला नको. श्रमाच्या वेळी निरोगी हृदयाचा रक्तप्रवाह तिप्पट-चौपट वाढू शकतो. बारीक वाहिन्या नीट सैलावल्या नाहीत तर तो कधीकधी दुप्पटही होत नाही. दुखतं ते त्यामुळे.

दुसरा गैरसमज, हे बायकांच्या मनाचे खेळ. ब्लॉकेज नसलेल्या या छातीदुखीला 1973 मध्ये ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं गेलं; कारणच उमगत नव्हतं. अमेरिकेत 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘वाइज’ अभ्यासाने पुढे दाखवलं, की बारीक वाहिन्यांचा प्रवाह कमी असलेल्या स्त्रियांना हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो. पुरुषही यातून सुटलेले नाहीत.

तिसरा गैरसमज, स्टेंट बसत नाही म्हणजे इलाज नाही. 2017 मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, हे चांगलंच झालं. पण हृदयविकार म्हणजे स्टेंट हे समीकरण डोक्यातून गेलं नाही. ग्लासगोत 151 रुग्णांवर झालेल्या ‘कॉरमिका’ चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. वाहिन्यांचं काम मोजून त्यानुसार औषधं दिलेल्यांची छातीदुखी सहा महिन्यांनी इतरांपेक्षा कमी होती.

आता आक्षेप येईल, की ही चाचण्यांची नवी दुकानदारी. ही भीती खोटी नाही. प्रत्येक छातीदुखी हृदयाची नसते. अ‍ॅसिडिटी असते, बरगडीचा स्नायूही दुखतो. म्हणून सरसकट चाचणी नकोच. पण औषधं घेऊनही दुखणं परतत असेल, रोजचं जगणं अडत असेल, तर अशी तपासणी करावी, असं युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रवाह कॅथलॅबमध्ये बारीक तारेने मोजता येतो. पेट स्कॅन किंवा एमआरआयनेही अंदाज येतो. वाहिन्या सैलावत नाहीत की अचानक आवळतात, हे कळलं की औषध बदलतं. एकाला चालणारी गोळी दुसऱ्याला चालेलच असं नाही. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणं आणि तंबाखू-मशेरी सोडणं मात्र दोघांनाही चुकत नाही.

तेव्हा नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन उठण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘ब्लॉकेज नाही, मग दुखतं कशानं? बारीक वाहिन्या तपासायच्या का?’ आणि छातीत कळ येऊन घाम फुटला, दुखणं थांबेना, तर जुना रिपोर्ट बघत बसू नका. तडक 108 ला फोन करा.