वेळासच्या किनाऱ्यावर दिवा नको

अंबडची मत्स्योदरी देवी ज्या टेकडीवर बसली आहे, त्या टेकडीचा आकार माशासारखा. त्या माशाच्या पाठीवर खेळतच मी मोठा झालो, पण समुद्राशी निवांत बसायला अठ्ठावन्न वर्षं लागली. यंदा मार्चात बायको आणि सहा वर्षांच्या नातीला घेऊन वेळासला गेलो. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो आणि बाणकोटवरून नाना फडणविसांच्या या गावात पोचलो.

मुक्काम एका घरच्या पडवीत. सकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो, तर वाळूवर लाटांशिवाय कसलाच आवाज नव्हता. जाळीच्या कुंपणात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पुरलेली, त्यावर टोपल्या पालथ्या घातलेल्या. एका पोरानं टोपली उचलली. खाली अकरा पिल्लं, तळहातात मावतील एवढी. पाण्यापासून थोडं लांबच सोडली, कारण ती वाट त्यांनी स्वतः चालायची असते. नातीनं विचारलं, ‘‘आबा, त्यांची आई कुठंय?’’ आई तर अंडी घालून, वाळू लोटून त्याच रात्री निघून गेलेली असते. मागे राखण करतं ते गाव.

याच गावात पूर्वी ही अंडी खाण्यासाठी उकरून नेली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून इथं काम सुरू केलं आणि गावानं साथ दिली.

परत आल्यावर आमच्याकडचे विचारतात, तिथं दुसरं काय आहे? हॉटेल नाही, बाजार नाही. मी म्हणतो, नाही तेच बरं आहे. रात्री बाहेर पडलेलं पिल्लू उजेडाकडं धावतं, आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राकडची बाजूच उजळ असते. काठावर विजेचा खांब उभा करा, ते उलटं गावाकडं वळेल आणि कुत्र्याच्या तोंडी जाईल. ग्रीसच्या झाकिंथोस बेटावर लाखो पर्यटक येतात, तरी कासवांचा सेकानिया किनारा लोकांसाठी बंद ठेवलाय. 1999 पासून तिथं राष्ट्रीय सागरी उद्यान आहे.

मी मोसंबीवाला शेतकरी. शेजाऱ्यानं बोअर खोल नेला की आम्ही त्याहून खोल नेला. कुणीच थांबलं नाही. 2012-13 च्या दुष्काळात बाग डोळ्यांदेखत वाळली, झाडं तोडून सरपणाला दिली. हातात होतं तेव्हा हात आवरला नाही, याची बोच अजून आहे. वेळासच्या लोकांनी वेळेत आवरला.

म्हणून सरकारला विनंती आहे, या किनाऱ्यावर सुशोभीकरण नको, दिवे नकोत, वाळूला लागून रस्ता नको. पैसा द्यायचाच तर रात्री गस्त घालणाऱ्या पोरांना द्या. आणि मराठवाड्यातून जाणाऱ्यांनो, गावातल्या घरीच उतरा, अंधार पडल्यावर किनाऱ्यावर बॅटरी लावू नका, पिल्लांना हात लावू नका.