सेट टॉप बॉक्स शटरमागे ठेवताय? आधी एवढं करा

भिंतीवर नवा टीव्ही लागला, की पाठोपाठ सुताराला बोलावणं जातं. वायरींचा गुंता दिसू नये, बॉक्सवर धूळ बसू नये, लहान मुलांचे हात पोचू नयेत, म्हणून सगळं शटरमागे जातं. यात गैर काही नाही. आपला हॉल नीटनेटका दिसावा, असं प्रत्येकाला वाटतं.

पण त्याच संध्याकाळी बातम्या लावायला बसलं, की रिमोट चालत नाही. मग शटर उघडायचं, चॅनल बदलायचं, शटर लावायचं. चार दिवसांत शटर कायमचं उघडं राहतं. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना दर वेळी उठावं लागतं, वाकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा रोजचा त्रास आहे. मग कोणीतरी मोठ्या खर्चाची यंत्रणा सुचवतं आणि आपण वैतागून होकार देतो.

तो होकार देण्याआधी थोडं थांबा. बहुतेक घरांत हे काम फुकटात किंवा काहीशे रुपयांत होतं. आधी तुमचा रिमोट कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा. मग बिनखर्चाचे उपाय करून पाहा. ते पुरले नाहीत, तरच पैसे काढा. आणि उपाय कोणताही करा, आतल्या बॉक्सला हवा मिळालीच पाहिजे.

आधी रिमोट ओळखा

डीटीएच आणि केबलच्या बहुतेक बॉक्सचा रिमोट डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो. त्याला इन्फ्रारेड म्हणतात. टॉर्चचा झोत लाकडातून पलीकडे जात नाही, तसाच हा प्रकाशही जात नाही. म्हणून प्लायवूड आणि सनमाइकाच्या दारामागे बॉक्स गेला, की रिमोट निकामी वाटतो. रिमोट बिघडलेला नसतो. त्याच्या वाटेत दार आलेलं असतं.

काही नव्या बॉक्सचे आणि टीव्हीमागे खोचायच्या स्टिकचे रिमोट ब्लूटूथवर चालतात. बोलून शोधण्यासाठी माइकचं बटण असलेला रिमोट बहुधा या प्रकारचा असतो. त्याला लाकडी दाराची अडचण येत नाही.

तुमचा कोणता, हे एका मिनिटात कळतं. बॉक्सच्या तोंडासमोर एक जाड पुस्तक उभं धरा. दुसऱ्या कोणाला तरी चॅनल बदलायला सांगा. बदललं तर तुम्हाला काहीच विकत घ्यायचं नाही. बॉक्स खुशाल आत ठेवा. फक्त लोखंडी कपाटात ठेवू नका. धातूमुळे ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही अडतात.

चॅनल बदललं नाही, तर रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. पुढचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा वापरा. मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश बऱ्याचदा गाळला जातो. रिमोटच्या टोकाला जांभळट किंवा पांढरा ठिपका चमकला, तर रिमोट चांगला आहे. नाही चमकला, तर आधी सेल बदला. दुकानात जायची घाई करू नका.

मग टीव्हीची सेटिंग पाहा

बॉक्स, साउंडबार किंवा स्टिक टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडलेली असेल, तर त्याच केबलमधून टीव्हीच्या रिमोटची आज्ञा पुढे जाऊ शकते. या सोयीचं नाव सीईसी. पण टीव्ही कंपन्या तिला आपापली नावं देतात. सॅमसंगच्या टीव्हीत ‘एनीनेट प्लस’ शोधा, एलजीमध्ये ‘सिम्पलिंक’, सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’. ती सेटिंग सुरू करा. साउंडबारमध्ये आणि स्टिकमध्येही अशी सेटिंग असेल तर तीही सुरू करा.

साउंडबारची केबल टीव्हीच्या ज्या खाचेवर ‘एआरसी’ लिहिलं आहे, तिथेच लावा. मग टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होतो आणि साउंडबारचा वेगळा रिमोट खणात ठेवता येतो.

सगळे सेट टॉप बॉक्स ही आज्ञा मानत नाहीत. लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरीने जोडलेल्या बॉक्सला तर ती पोचतच नाही. तरीही करून पाहा. पैसे लागत नाहीत.

दार बदलून भागतं का, ते पाहा

फर्निचर अजून व्हायचं असेल, तर हा सगळ्यात टिकाऊ उपाय आहे. यात वायर नाही, चार्जर नाही, बिघडण्यासारखं काही नाही.

साध्या पारदर्शक काचेतून रिमोटचा प्रकाश जातो. गडद रंगाच्या काही अ‍ॅक्रिलिकमधूनही जातो. बाहेरून आतलं फारसं दिसत नाही आणि रिमोट मात्र चालतो. वेताची जाळी, पट्ट्यांचं दार, स्पीकरवर लावतात तसं विरळ कापड, यांतूनही काम होतं. जाळीचा दुसरा फायदा म्हणजे आत हवा खेळते.

पण दुकानदाराच्या शब्दावर शीट कापून घेऊ नका. हातभर तुकडा मागा. घरी आणा. बॉक्ससमोर धरा आणि तुम्ही रोज बसता त्या जागेवरून रिमोट दाबा. आरशासारखी चमक असलेली काच आणि ऊन अडवणारी फिल्म यांची तर हमखास अशीच परीक्षा घ्या.

तरीही अडलं, तर ‘आयआर एक्स्टेन्डर’ केबल घ्या

बंद दार ठेवायचंच असेल, तर ही साधी वायर बहुतेकांना पुरते. एका टोकाला छोटा सेन्सर असतो. तो बाहेर, टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवायचा. दुसऱ्या टोकाला वाटाण्याएवढा दिवा असतो. तो आत बॉक्सच्या सेन्सरसमोर चिकटवायचा. तुम्ही बाहेरच्या सेन्सरकडे रिमोट दाबता. तोच इशारा आतला दिवा बॉक्सला देतो. वीज यूएसबीतून मिळते. मोबाइलचा जुना चार्जर चालतो.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, किंवा तुमच्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा. ऑनलाइनही मिळते. घेताना आणि लावताना हे सांभाळा.

आधी सुतळीने अंतर मोजा. वळणं आणि कोपरे धरून मोजा. वर हातभर जास्त धरा. ताणलेली वायर लवकर तुटते.

तुमच्याकडे बॉक्स आणि होम थिएटर दोन्ही असेल, तर दोन किंवा अधिक दिवे असलेली केबल घ्या.

परत करायची मुभा आहे का, ते विचारून घ्या. बरेच रिमोट सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा प्रकाश लुकलुकवतात आणि बहुतेक केबल त्याच हिशेबाने बनवलेल्या असतात. काही बॉक्सची गती वेगळी असते. तिथे ही केबल चालत नाही. अशा वेळी पैसे परत मिळायला हवेत.

चिकटवण्याआधी जागा पक्की करा. बॉक्सच्या पुढच्या काळ्या पट्टीवर टॉर्च मारा. आत छोटा गोल सेन्सर दिसतो. तिथे दिवा बोटाने धरून रिमोट चालवून पाहा. चालला, तरच टेपचा कागद सोलून चिकटवा.

बाहेरचा सेन्सर खिडकीच्या उन्हात किंवा ट्यूबलाइटच्या अगदी जवळ लावू नका. कोणी बटण न दाबताही आतला दिवा लुकलुकत असेल, तर सेन्सरवर नको तो प्रकाश पडतोय. त्याची जागा बदला.

वायर बिजागरीत चेमटू देऊ नका. शटरच्या मागून, पाठीच्या फळीतल्या भोकातून काढा.

यापेक्षा महागडी वायफायची यंत्रंही मिळतात. ती मोबाइलवरून चालतात. दुसऱ्या खोलीतून बॉक्स चालवायचा असेल, तर त्यांचा उपयोग आहे. पण वायफाय बंद पडलं, की तीही अडतात. शिवाय ज्यांना बटण दाबायची सवय आहे, त्यांना दर वेळी मोबाइल उघडायला लावणं बरं नाही. घरातल्या सगळ्यांना जमेल तेच घ्या.

बॉक्सला गुदमरू देऊ नका

एवढं नक्की ऐका. सेट टॉप बॉक्स आणि होम थिएटरचं यंत्र चालू असताना तापतं. बंद खणात ती उष्णता साठते. मग चित्र अडकतं, बॉक्स आपोआप बंद पडून चालू होतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. आपण दोष रिमोटला देतो.

बॉक्सच्या वर आणि बाजूंना हाताचा पंजा सहज जाईल एवढी जागा सोडा. एकावर एक यंत्रं रचू नका. वर भरतकामाचा रुमाल किंवा फोटो ठेवू नका. खणाच्या मागच्या फळीला खाली आणि वर, दोन्हीकडे भोकं ठेवायला सांगा. गार हवा खालून येते, गरम हवा वरून जाते. भोकांना बारीक जाळी लावा, म्हणजे झुरळं आणि पाली आत शिरत नाहीत. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ओल धरते. तिथे खण भिंतीला अगदी चिकटवू नका.

दोन तास टीव्ही पाहून झाला, की बॉक्सवर हात ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल, तर शटर उघडं ठेवा आणि आधी हवेची सोय करा.

बटण बाहेर हवं

बॉक्स आत गेला तरी त्याचा प्लग हाताशी राहिला पाहिजे. वळवाच्या पावसात विजा कडाडतात. तेव्हा छतावरच्या डिशच्या केबलमधूनही विजेचा झटका घरात येऊ शकतो. आकाश गडगडायला लागण्याआधीच प्लग काढा आणि डिशची केबलही सोडवा. यासाठी फर्निचर हलवावं लागत असेल, तर ते कोणीच करणार नाही. म्हणून प्लग हाताशी आणि त्याचं बटण बाहेर ठेवायला सुताराला आणि इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा.

मुख्य बटण बाहेर असलं, की आणखी एक फायदा होतो. नजरेआड गेलेलं यंत्र बंद करायचं राहून जातं. दहा वॉटचं यंत्र दिवसरात्र चालू राहिलं, तर महिन्याला सुमारे सात युनिट वीज जाते.

आत एका एक्स्टेन्शन बोर्डला दुसरा बोर्ड जोडू नका. सैल प्लग तापतो आणि बंद खणात ते कोणाला दिसत नाही. तीन पिनांचाच चांगला बोर्ड घ्या.

सुताराकडून पाठीच्या फळीला दोन इंचांचं भोक पाडून घ्या. लहान भोकातून एचडीएमआयची पिन जात नाही, मग केबल कापायची वेळ येते. भिंतीतून पाइप टाकत असाल, तर आत एक रिकामी तार ओढून ठेवा. उद्या नवी केबल टाकायला भिंत फोडावी लागणार नाही. विजेची वायर आणि टीव्हीची केबल एकाच पाइपातून नेऊ नका.

भाड्याच्या घरात असाल, तर भोकं पाडायचा खर्च करू नका. सेटिंग आणि चिकटवायची केबल, एवढ्यावर भागवा. घर सोडताना दोन्ही तुमच्यासोबत येतील.

रिमोट आणि घरातली माणसं

घरात तीन-चार रिमोट झाले, की आई-वडिलांचा गोंधळ होतो. डीटीएचच्या अनेक रिमोटना टीव्ही सुरू-बंद करणं आणि आवाज वाढवणं शिकवता येतं. कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारा आणि एकाच रिमोटवर काम आणा. रोजच्या बटणांवर रंगीत टेपचे ठिपके लावा.

सेल बदलताना जुना आणि नवा एकत्र घालू नका. पडून राहिलेल्या रिमोटमधले सेल काढून ठेवा. ते गळले, तर आतल्या पट्ट्या खराब होतात.

लहान मूल असलेल्या घराने हे लक्षात ठेवावं. शोभेच्या दिव्यांच्या माळेचे आणि काही साउंडबारचे पातळ रिमोट नाण्यासारख्या चपट्या सेलवर चालतात. मुलाने तो गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. उलटी करायला लावू नका. वाट पाहू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या आणि बटण सेल गिळल्याचं आधी सांगा. असे रिमोट उंचावर ठेवा. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल, तर त्यावर घट्ट टेप लावा.

आता कामाला लागा. आज पुस्तक धरून रिमोट ओळखा. उद्या टीव्हीची सेटिंग पाहा. रविवारी जाळीचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणून तपासा. एवढ्याने भागलं नाही, तरच केबल घ्या. सगळं लावून झालं, की घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात रिमोट द्या. त्यांना जागेवरून न उठता चॅनल बदलता आलं, तर तुमचं काम नीट झालं. नाही आलं, तर अजून थोडं बाकी आहे.